एक्सएमएलची सोपी वाट : सिंपलएक्सएमएलच्या दोन दशकांचा मागोवा

फेब्रुवारी १९९८मध्ये एक्सएमएल १.० हे प्रमाण जाहीर झाले आणि चार-पाच वर्षांत ते सगळीकडे पोचले. बातम्यांचे आरएसएस फीड, हिशेबाची सॉफ्टवेअर, दोन सर्व्हरमधली देवाणघेवाण, जिथे पाहावे तिथे एक्सएमएल. माणसाच्या डोळ्यांना ते सहज वाचता येई, पण प्रोग्रॅमरला त्यातून एक नाव बाहेर काढायचे म्हटले तरी घाम फुटे.

पीएचपी ४च्या काळातली रूढ पद्धत होती एक्सपॅट पार्सरची. टॅग उघडला की एक फंक्शन, बंद झाला की दुसरे, मधल्या मजकुरासाठी तिसरे. आपण सध्या कोणत्या टॅगमध्ये आहोत हे पार्सर लक्षात ठेवत नसे; ते आपणच एखाद्या व्हेरिएबलमध्ये जपायचे. शिवाय मजकूर एकसंध मिळेलच याची खात्री नाही. लांबलचक शीर्षक दोन-तीन तुकड्यांत येई, आणि ते न जोडणाऱ्याच्या पानावर अर्धेच दिसे. दुसरी वाट डॉमची. तिथे अख्ख्या फाइलचे झाड हाती येई. पण टॅगांमधली मोकळी ओळसुद्धा एक नोड. पहिले अपत्य मागावे आणि हाती नुसती रिकामी जागा यावी, हा नित्याचा अनुभव.

जुलै २००४मध्ये पीएचपी ५ आली आणि तिच्यासोबत सिंपलएक्सएमएल. स्टर्लिंग ह्यूजेस यांनी सुरू केलेले हे काम डॅनिएल व्हेयार यांच्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीवर उभे होते. कल्पना एका ओळीत सांगता येते : टॅग म्हणजे ऑब्जेक्टचा गुणधर्म, ॲट्रिब्यूट म्हणजे ॲरेची किल्ली. एक्सएमएलमध्ये टॅगांची नावे देवनागरीत चालतात आणि पीएचपीतही चालतात. त्यामुळे संग्रहातल्या पहिल्या पुस्तकाचे शीर्षक देणारी पुढची ओळ खरोखर चालणारी आहे :

$संग्रह->पुस्तक[0]->शीर्षक

दाखलक्रमांक हवा असेल तर $संग्रह->पुस्तक[0]['क्रमांक']. पुस्तक एक असो की शंभर, फोरीच तसाच फिरतो. मूळ फाइलचे एन्कोडिंग कोणतेही असले तरी मजकूर यूटीएफ-८मध्येच मिळतो, ही तर मराठी मजकुरासाठी मोठीच सोय.

याच सुमारास इतर भाषाही त्याच दिशेने निघाल्या होत्या. फ्रेड्रिक लुंड यांचे एलिमेंटट्री २००६मध्ये पायथन २.५मध्ये सामील झाले. जावास्क्रिप्टसाठी तर जून २००४मध्येच ई४एक्स हे प्रमाण आले होते. त्यात एक्सएमएल थेट भाषेच्या व्याकरणात शिरले. ॲक्शनस्क्रिप्ट ३ आणि फायरफॉक्सने ते स्वीकारले, बाकीच्या मोठ्या ब्राउझरांनी नाही, आणि २०१३मध्ये फायरफॉक्सनेही ते काढून टाकले.

ई४एक्स गेले आणि सिंपलएक्सएमएल टिकले, यात मला मोठा धडा दिसतो. सिंपलएक्सएमएलने भाषेच्या व्याकरणाला हात लावला नाही आणि सगळे करून दाखवण्याचा हट्टही धरला नाही. नोडची हलवाहलव करायची असेल तर डॉम_इंपोर्ट_सिंपलएक्सएमएल हे फंक्शन तोच नोड, नक्कल न करता, डॉमच्या हवाली करते. प्रचंड फाइल मेमरीत मावत नसेल तर एक्सएमएलरीडरने एकेक नोंद उचलायची आणि तेवढीच सिंपलएक्सएमएलला द्यायची.

खाचखळगे होतेच. नेमस्पेस असलेले टॅग साध्या बाणाने सापडत नाहीत, त्यांच्यासाठी चिल्ड्रन ही मेथड लागते. हाती येतो तो मजकूर नसून ऑब्जेक्ट असतो. तो स्ट्रिंगमध्ये न बदलता सेशनमध्ये ठेवला की सीरियलाइझेशनची चूक समोर उभी. बाह्य एंटिटीमार्फत सर्व्हरवरच्या फाइली वाचल्या जाण्याचा धोका गंभीर होता. २०१२मध्ये लिबएक्सएमएल २.९ने एंटिटी आपोआप भरणे मुळातच बंद ठेवले, तेव्हा तो बराच ओसरला.

दरम्यान जेसन आले आणि वेबवरची बरीच देवाणघेवाण तिकडे वळली. तरी साइटमॅप, एसव्हीजी चित्रे, वर्डच्या फाइलींचे अंतरंग, आधारची ऑफलाइन ई-केवायसी हे सारे आजही एक्सएमएलच आहे. ते उघडणाऱ्या नवशिक्याला आधी पार्सरचे शास्त्र शिकावे लागत नाही. रोजचे काम सोपे करायचे आणि अवघड कामाची वाट अडवायची नाही, हे २००४मध्ये ज्यांनी ठरवले, त्यांचे पीएचपीत काम करणाऱ्या प्रत्येकावर ऋण आहे.