दोनशिक्षकी शाळेची सोबत

हावडा-मुंबई लोहमार्गावर डोंगरगड सुटलं की रूळ जंगलातून वळणं घेत महाराष्ट्रात शिरतात. दरेकसा येतं, मग सालेकसा. गोंदिया जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा तालुका. एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, मधे धानाची बांधी, मोह आणि तेंदूचं रान. बाहेरच्यांना तो हाजरा धबधब्यामुळे ठाऊक असतो, नाहीतर कचारगडच्या गुहांमुळे. माघ पौर्णिमेला तिथे देशभरातले गोंड भाविक जमतात. वर्तमानपत्रं तालुक्याची आठवण काढतात ती बहुधा नक्षलवादाच्या बातमीत.

या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत शिकवणाऱ्या माणसाचा दिवस आधी समजून घेतला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. वर्ग मात्र चार, काही ठिकाणी पाच. म्हणजे एका शिक्षकासमोर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता. दोघांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार. तो पंचायत समितीत बैठकीला गेला की उरलेल्याच्या वाट्याला सगळी शाळा, पोषण आहाराच्या तांदळाच्या हिशोबासकट. पहिलीतलं पोर अक्षर उलटं काढतंय आणि चौथीचा भागाकार अडलाय, अशा वेळी शेजारच्या खोलीत जाऊन ‘सर, तुम्ही हे कसं घेता?’ असं विचारायला दुसरं कोणी नसतं. शहरातल्या शाळेत शिक्षक-खोली असते. तिथल्या चहावर निम्मं अध्यापनशास्त्र शिकून होतं. दोनशिक्षकी शाळेला ती खोली नाही.

ती खोली दहा शाळांनी मिळून करायची, ही कल्पना म्हणजे ‘केंद्र’. सरकारी कागदात ते प्रशासनाचं सर्वांत खालचं एकक म्हणून दिसतं. एका केंद्रशाळेभोवती सुमारे दहा शाळा आणि त्यांच्यावर एक केंद्रप्रमुख. राज्यात 1994 मध्ये ही रचना उभी राहिली आणि केंद्रांची संख्या 4,860 ठरली. तिच्यावर तालुक्याला गट साधन केंद्र, ज्याला सगळे शिक्षक ‘बीआरसी’च म्हणतात. जिल्ह्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डाएट’. ही 1986 च्या राष्ट्रीय धोरणातून आली. आणि सर्वांत वर पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद.

कल्पना मात्र 1994 पेक्षा जुनी आणि तिच्यामागे एक मराठी माणूस आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत 1907 साली जन्मलेले जे. पी. नाईक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आयोगाच्या 1966 च्या अहवालात ‘शाळासंकुला’ची शिफारस आहे. एका उच्च प्राथमिक शाळेने आसपासच्या दहाएक प्राथमिक शाळांना धरून राहावं, साहित्य वाटून घ्यावं, शिक्षकांनी एकत्र बसून काम ठरवावं आणि या समूहाला काही अधिकारही असावेत. गावातला शिक्षक एकटा पडतो आणि एकटा पडलेला माणूस नवं काही करून पाहत नाही, हे आयोगाने ओळखलं होतं. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात तीच शिफारस पुन्हा नव्याने मांडलेली दिसते. 54 वर्षांनी एखादी गोष्ट पुन्हा सांगावी लागते, तेव्हा मधल्या काळात ती झाली पण पूर्ण झाली नाही असं समजायला हरकत नाही.

केंद्राचा खरा जीव शिक्षण परिषदेत आहे. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एखाद्या शाळेत जमतात. जुने शिक्षक अजून हिला ‘गटसंमेलन’ म्हणतात. विषयपत्रिका वरून येते. दारात रांगोळी, सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार, स्वागतगीत, प्रास्ताविक. आपल्याकडे कोणत्याही कार्यक्रमाला सूत्रसंचालक लागतोच, इथेही लागतो, आणि त्यात पहिला पाऊण तास आरामात जातो. मग शासकीय सूचना. मग, वेळ उरला तर, ज्यासाठी सगळे आले ती गोष्ट: एका शिक्षकाने मुलांसमोर घेतलेला नमुना पाठ आणि त्यावर चर्चा. चर्चा बहुतेकदा ‘पाठ छान झाला’ इथेच थांबते, कारण उद्या आपलाही नंबर असतो. खरी चर्चा जेवणाच्या पंगतीत होते. भात, वरण, आलू-वांग्याची भाजी समोर आली की बोलणं मोकळं होतं. ‘ते हातच्याचं तू काड्यांनी कसं दाखवलंस?’ हा प्रश्न माईकवर कोणी विचारत नाही, पत्रावळीवर विचारतात. परिषदेच्या इतिवृत्तात अर्थातच हे येत नाही.

काड्यांवरून साहित्याचा विषय निघतोच. 1987 च्या सुमाराला ‘खडू-फळा मोहीम’ आली आणि शाळांना नकाशे, पृथ्वीगोल, विज्ञानपेटी मिळाली. पुष्कळ ठिकाणी ही पेटी मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची या भीतीने कपाटात कुलूपबंद राहिली. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत. रक्कम किरकोळ, पण ती शिक्षकाच्या मर्जीने खर्च व्हायची, हे तिचं मोल. 2018 मध्ये समग्र शिक्षा आली आणि शाळेला एकत्रित अनुदान मिळू लागलं. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती भागवून त्यातून शिक्षकाच्या मनातल्या साहित्याला किती उरतं, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला विचारावं.

अलीकडे शाळांत आलेल्या साहित्यात मला सर्वांत कामाची वाटते ती गणितपेटीतली शंभर मण्यांची माळ. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. संख्या म्हणजे नुसतं चिन्ह नव्हे, माळेवरची जागा आहे, हे पोराला बोटाने कळतं. पण सालेकशाच्या मुलाकडे घरचीही एक मोजणी असते. उन्हाळ्यात तेंदूपानं तोडली जातात. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा बांधतात. पानं तोडण्यापासून पुडे बांधण्यापर्यंत सगळं घर राबतं, पोरंही हात लावतात. 70 म्हणजे किती, हे या मुलाच्या हाताला पुस्तकाआधी ठाऊक असतं. माळेवर 70 दाखवून पुड्याशी जोड घालणारा शिक्षक त्या वर्गात दशकाची संकल्पना किती लवकर पोचवू शकेल! अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं होतं: साहित्य रानातून उचलायचं आणि मुलाच्या जगण्यातून पाठ काढायचा.

ही जोड बाहेरून पुरवता येत नाही. पुण्याहून येणारी घटकसंच पुस्तिका चांगली असली तरी तिच्यात तेंदूचा पुडा नसतो, असायचं कारणही नाही. पुडा सांगणारा शिक्षक शेजारच्या गावात असतो. केंद्र हवं ते यासाठी.

शिक्षक असे एकमेकांकडून शिकल्याचं उदाहरणही आहे. 2012 च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला तेव्हा एका शिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग पाहून शिकावं यावर भर होता, आणि तो योग्यच होता. मात्र पुष्कळ शाळांनी तिथून घेतलं ते फरशीवरचं रंगकाम. वर्तुळं, सापशिडी, अक्षरांचे चौकोन महिन्याभरात सगळीकडे उमटले. मुलाला उत्तर सांगायचं नाही, त्याला धडपडू द्यायचं, ही अवघड अर्धी बाजू रंगाच्या डब्यातून येत नव्हती. ती आणायला वर्षभर एकत्र बसावं लागतं. कुमठ्यात ते बसले होते.

सालेकशात भाषेचा पेच आणखी वेगळा. घरी गोंडी, कुठे छत्तीसगडी, कुठे पोवारी, बाजारात हिंदी, आणि पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत. मुलाची मातृभाषा शक्य तितकी शिक्षणाचं माध्यम असावी असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं. वर्गात ते शिक्षकाच्या जिभेवर अवलंबून असतं. राज्यव्यापी भरतीमुळे दूरच्या जिल्ह्यांतूनही शिक्षक इथे येतात. त्यांच्यापैकी एखादा पहिल्या वर्षी मुलांकडूनच शिकतो. उंदी, रंड, मूंद अशी मोजणी येते, ‘एर’ म्हटलं की पाणी मागतोय हे कळतं. दोन-तीन वर्षांत त्याच्या वहीत शब्द साठतात, कोणत्या मुलाला कोणत्या शब्दाला ठेच लागते याच्या खुणा साठतात. माझ्या मते तालुक्यातलं सर्वांत मौल्यवान शैक्षणिक साहित्य या वह्यांत आहे.

आणि मग बदली येते. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासननिर्णयाने शाळा सर्वसाधारण आणि अवघड क्षेत्रात विभागल्या गेल्या. अवघड क्षेत्रात काही वर्षं काढली की शिक्षकाला हक्काने बाहेर पडता येतं. त्याआधी 6 ऑगस्ट 2002 च्या निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळाली. दोन्ही गोष्टी न्याय्य आहेत. कुटुंबापासून दूर राहणाऱ्या माणसाने जन्मभर तिथेच राहावं, असं म्हणायचा अधिकार आमगाव-गोंदियाच्या पलीकडे न गेलेल्यांना नाही. पण शिक्षक जातो तेव्हा वहीही जाते. नवा येतो आणि पुन्हा ‘एर’पासून सुरुवात करतो. प्रभार देताना जडसंग्रह नोंदवही मोजून दिली जाते: खुर्च्या इतक्या, सतरंज्या इतक्या, ताटं इतकी. शब्दांची वही त्या यादीत नाही.

ती वही केंद्राने ठेवायची होती. केंद्र मात्र दुसऱ्याच कामात बुडालं. ऑनलाइन नोंदी, यू-डायसचे तक्ते, आधार जुळणी, व्हॉट्सॲपवर ‘आजच, तात्काळ’ अशा शिक्क्यासह येणारे नमुने. केंद्रप्रमुखाला शिक्षक गमतीने ‘पोस्टमन’ म्हणतात आणि त्यालाही ते आवडत नाही, कारण तोही कधीकाळी चांगला शिक्षक होता म्हणूनच इथवर आला. शिवाय पदं मोठ्या प्रमाणात रिकामी राहतात. 2023 मध्ये 2,384 पदांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली, म्हणजे राज्यातल्या जवळपास निम्म्या केंद्रांचा प्रश्न होता. पद रिकामं असलं की प्रभार शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे किंवा एखाद्या मुख्याध्यापकाकडे जातो. मग शाळाभेट म्हणजे शेरेबुकात सही, आणि नमुना पाठ पाहून शांतपणे दोन सूचना करायला कोणाकडे दुपार उरत नाही. दहा शाळांची माहिती त्याच्याकडे रकान्यांत असते. कोणत्या शाळेत कोणता शिक्षक काय उत्तम शिकवतो, हे कोणत्याही रकान्यात नाही.

दुरुस्तीला नवी योजना लागत नाही, नवं अॅप तर नाहीच. परिषदेच्या विषयपत्रिकेतला निम्मा वेळ केंद्राने स्वतः ठरवावा. सूचना व्हॉट्सॲपवर आधीच येतात, त्या पुन्हा वाचून दाखवू नयेत. केंद्रशाळेत एक कपाट शिक्षकांच्या वह्यांसाठी ठेवावं आणि बदलीच्या प्रभारयादीत एक ओळ वाढवावी: स्थानिक शब्द, पाठाच्या टिपणांची वही, पृष्ठसंख्या अमुक. 500 रुपयांसारखी छोटी, हिशोबाचा जाच नसलेली रक्कम पुन्हा शिक्षकाच्या हाती द्यावी. आणि केंद्रप्रमुखाला आठवड्यातून निदान एक पूर्ण दिवस असा असावा की त्या दिवशी त्याच्याकडून कोणीही तक्ता मागणार नाही. बीआरसीनेही नाही, डाएटनेही नाही, जिल्हा परिषदेनेही नाही.