स्टेशनची पाटी, घरची शाळा

रविवारची सकाळ. बदलापूरहून सुटलेल्या लोकलमध्ये समोरच्या बाकावर पहिलीतली एक मुलगी वडिलांना टेकून खिडकीशी बसली होती. गाडी थांबली, की ती फलाटावरची पाटी वाचायची. ‘अं-ब-र-ना-थ.’ पुढच्या स्टेशनला ती एका अक्षराशी अडखळली. वडील गप्प राहिले, त्यांनी फक्त त्या अक्षरावर हवेत बोट धरलं. पाटी बघून ती हळूच म्हणाली, ‘‘बाबा, ल नं ह ला मिठी मारलीये!’’ उल्हासनगर. जोडाक्षराचा यापेक्षा चांगला धडा मी पाहिलेला नाही.

बदलापूरमध्ये काना आणि दीर्घ ऊकार, अंबरनाथमध्ये अनुस्वार, विठ्ठलवाडीत दोन्ही वेलांट्या आणि जोडीला ठ्ठ, कल्याणला ल्य. आपल्या मार्गावर अर्धी बाराखडी उभी आहे, आणि बदलापूरच्या खरवई भागातल्या आईबापांना ती रोजच भेटते. कामासाठी मुंबईला जायचं, तर सीएसएमटी इथून सुमारे ६८ किलोमीटर. रिक्षा, फलाट, गर्दी धरली तर जाण्यायेण्यात तीनेक तास सहज जातात. दमून घरी आल्यावर तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘‘होमवर्क झाला का?’’ तीन ते आठ या वयात मुलाला या प्रश्नाची गरज सगळ्यात कमी असते. गरज असते ती कुणीतरी निवांत बोलण्याची आणि ऐकण्याची.

अंगणातून आलेली शाळा

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एकच ‘पायाभूत स्तर’ मानला. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी त्यात येतात. खेळ, गप्पा, गोष्टी आणि हातानं करायची कामं हा त्याचा गाभा. २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’चं उद्दिष्टही एवढंच, की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब जमावेत. चौथ्या वर्षी पानंच्या पानं गिरवून घ्या, असं त्यात कुठेही नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू केला. १९४५मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या आणि १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तो भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं.

आपल्या स्वयंपाकघरातही ती आहेत. वाटाणे सोलताना शेंगेत दाणे किती ते मोजू द्या. कणकेचा गोळा मळू द्या. पेन्सिल धरायची ताकद त्याच बोटांत येते. डबे लहान-मोठे लावू द्या. आजीला गावाकडची गोष्ट सांगू द्या आणि मधेच थांबून विचारू द्या, ‘‘मग काय झालं असेल?’’ घरात आगरी, अहिराणी, मालवणी जी बोलत असाल ती मोकळेपणानं बोला. घरच्या बोलीत ज्याच्याकडे भरपूर शब्द असतात, त्याला शाळेची भाषा जड जात नाही.

झोप हाही अभ्यासच

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते, सहा वर्षांनंतर ९ ते १२ तास. सहाला उठायचं असेल, तर नऊच्या आत डोळा लागायला हवा. पण साडेनऊशिवाय बाबा घरी येत नाहीत, आणि मूल त्यांची वाट बघत जागत राहतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारनं २०२४मध्ये घेतला, तो याच अपुऱ्या झोपेमुळे. जिथे नऊची शाळा आहे, तिथे बाबांची भेट सकाळी ठेवा. मोबाइल बाजूला ठेवून दिलेली पंधरा मिनिटं मुलाला पुरतात.

ऐकणारं घर

‘‘आज काय केलंस?’’ असं विचारलं, की उत्तर येतं, ‘‘काही नाही.’’ त्याऐवजी विचारा, ‘‘डबा कुणाबरोबर खाल्लास? आज कोण रडलं?’’ मग बोलणं आपोआप सुरू होतं.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्या मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक स्टेशनात रुळांवर उतरले. तो दिवस इथला कुणी पालक विसरणार नाही. त्या संतापाला आपण रोजच्या सवयीची जोड द्यायला हवी. शरीराच्या अवयवांची नावं मुलांना न लाजता सांगावीत. नकोसा स्पर्श झाला, तर ‘‘तू सांगशील ते मी खरं मानेन’’ हे आधीच सांगून ठेवावं. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असावा. ज्या मुलाचं डब्यातल्या भाजीबद्दलचं गाऱ्हाणं रोज ऐकलं जातं, तेच मूल मोठं दुःखही घरी आणतं.

त्या रविवारी वडिलांनी ‘उल्हासनगर’ स्वतः वाचून दाखवलं असतं, तर दोन सेकंद वाचली असती. ते थांबले, म्हणून मुलीला ती मिठी दिसली.