बोटुकली वाचली तर उजनीचा मच्छीमार वाचेल

भिगवणच्या मासळी बाजारात गेलात तर उजनीचं दुसरं पीक बघायला मिळतं. कटला, रोहू, मृगळ, मरळ, वांब, शिंगटा आणि ढिगानं चिलापी. पण याच धरणाच्या काठावर पाट्या भरून आणखी एक माल निघतो. बोटाएवढी पिल्लं! त्यालाच बोटुकली म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात शेतीच्या कामानं काठावरच्या एका गावी गेलो होतो. वडापाचं जाळं ओढून आलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला विचारलं, "नाना, एवढीशी पिल्लं कशाला काढता?"

नाना म्हणाले, "साहेब, मी सोडली तर पलीकडचा काढतो. मग मीच उपाशी का राहू?"

उत्तर खोटं नव्हतं. म्हणूनच हा प्रश्न एकट्या नानांचा नाही, काठावरच्या साऱ्या गावांचा आहे.

मृतसाठा माशाला जिवंत

भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. पूर्ण भरलं की साठा 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. शेतीच्या हिशेबात तो मृत, पण उन्हाळ्यात मासा तगतो तो त्यातच. 2024 च्या उन्हाळ्यात साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी असं उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि मासा थोड्या जागेत गोळा होतो. तेव्हा तो सहज सापडतो. त्यात पिल्लंही गेली, तर पावसानं पाणी परत येतं, मासा येत नाही.

चिलापीच का वाढते?

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. साठलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. वयात यायलाही दोन-तीन वर्षं लागतात. चिलापीचं तसं नाही. ती साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण देते आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. आपण कटल्या-रोहूची बोटुकली उपसत राहिलो, तर जागा चिलापीच घेणार.

डॉ. हिरालाल चौधुरी यांनी 1957 साली इंजेक्शन देऊन या जातींची अंडी मिळवून दाखवली. म्हणून आज मत्स्यबीज केंद्रात तयार होतं आणि धरणात सोडता येतं. पण सोडलेलं बीज दोन महिन्यांत जाळ्यात आलं, तर पेरलेलं बियाणं उकरून खाल्ल्यासारखंच झालं की!

सरळ हिशेब

धरा, 10 किलोच्या पाटीत 50 ग्रॅमची 200 पिल्लं आहेत. आज ती कवडीमोलानं जातात. सोडून दिली आणि त्यातली निम्मी मेली, तरी 100 उरतात. खाद्य चांगलं मिळालं तर कटला वर्षात किलोच्या घरात जातो. म्हणजे 10 किलोचे 100 किलो, आणि भावही मोठ्या माशाचा.

गावानं काय करावं?

1. बारीक आसाचं जाळं आणि वडाप पाण्यात उतरणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करावा. शेजारच्या गावांनीही त्याच महिन्यात करावा, म्हणजे 'पलीकडचा काढतो' हे म्हणणं उरणार नाही.

2. पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाला आडवी जाळी लावू देऊ नयेत. मासा तिथूनच वर वाहत्या पाण्याकडे जातो.

3. सरपंच, ग्रामसेवक आणि मच्छीमार संस्थेच्या पंचांनी माल उतरतो त्या जागी अधूनमधून उभं राहावं. नुसता कागद जाळं थांबवत नाही.

4. शेतकरी बंधूंनो, फवारणीचा पंप धरणाच्या पाण्यात धुऊ नका. सायपरमेथ्रीनसारखं औषध थोडं असलं तरी माशाला मारक असतं आणि पिल्लं काठाच्या उथळ पाण्यातच असतात.

निघताना नाना म्हणाले, "सगळ्यांनी ठरवलं तर माझं जाळं मी पहिलं गुंडाळीन." आता पलीकडच्या काठानंही हेच म्हणायला हवं. जित्राबाचं वासरू आपण बाजारात नेत नाही, मोठं होऊ देतो. पाण्यातल्या वासरालाही एवढी मुदत द्यायला काय हरकत आहे?