बंदर बांधताना – लेखांक ६ : चिखलाखालचा खडक कोणाचा?

मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या खाडीपुलावर चढते तेव्हा ओहोटी असेल तर खिडकीतून काळपट चिखल दिसतो. वरून गुळगुळीत, साय धरल्यासारखा. त्याखाली मुरूम किती मीटरवर आणि बेसाल्ट किती मीटरवर, हे बोअर घेतल्यावर कळतं. पण दोन बोअरच्या मधे काय दडलंय, हे बोअर घेऊनही कळत नाही. बंदराच्या कामात कंत्राटाचा प्रकार ठरवायचा तो या मधल्या जागेचा विचार करून.

मागच्या लेखात निविदेपूर्वीची पाहणी बघितली. आता निविदेचा नमुना. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात तीन नमुने जुने आहेत. बी-१ मध्ये कंत्राटदार खात्याच्या अंदाजित रकमेवर 'इतके टक्के कमी' किंवा 'जास्त' म्हणतो. बी-२ मध्ये तो प्रत्येक बाबीचा दर स्वतः भरतो. सी नमुन्यात सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम.

समजा, गाळउपशात १०,००० घनमीटर खडक धरला होता आणि निघाला १५,०००. बाबवार दराच्या कंत्राटात मोजवहीत १५,००० चढतात, पैसे बंदर देतं. ठोक कंत्राटात जादा खडक कंत्राटदाराच्या अंगावर. अनुभवी कंत्राटदार ही धास्ती आधीच रकमेत धरतो. नवखा काम अर्ध्यावर टाकतो, नाहीतर लवादाची पायरी चढतो. दोन्हीकडे भुर्दंड बंदरालाच. 'फिडिक' या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९च्या कंत्राट-नमुन्यांतही हाच फरक आहे: लाल पुस्तकात अनपेक्षित जमिनीचा खर्च मागता येतो, चंदेरी पुस्तकात तो कंत्राटदाराने सोसायचा.

म्हणून साधा हिशेब: गोदाम, कार्यालय, फाटक ठोक द्या; गाळ आणि खडक मोजून द्या.

तिसरी वाट 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा'ची. न्हावा-शेव्यात १९९७च्या अशा ३० वर्षांच्या करारातून देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल उभं राहिलं. इथे कंपनी कमाईतून खर्च वसूल करते. मात्र करारातले सांधे जुळावे लागतात. मुंबई बंदराच्या २००७च्या ऑफशोअर कंटेनर टर्मिनल करारात धक्के बांधायचे कंपनीने. गाळ काढून, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोदी बुजवून जागा करायची बंदराने. दोन्हीकडची कामं वेळेत जुळली नाहीत. धक्के तयार झाले, पण तिथे लागू लागली ती मोटारी वाहणारी जहाजं. धक्का बांधणाऱ्याच्या कर्जावरचं व्याज काही समोरच्याचा गाळ निघेपर्यंत थांबत नाही.

जून २०२४मध्ये मंजूर झालेल्या ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदरात तर भराव, लाटरोधक बांध आणि टर्मिनलं अशी कामं एकमेकांवर अवलंबून आहेत. तिथे प्रत्येक कंत्राटाइतकंच दोन कंत्राटांमधलं पान महत्त्वाचं: जागा कोणी, कोणत्या तारखेला ताब्यात द्यायची आणि ती चुकली तर कोणी भरायचं.

(पुढच्या आठवड्यात : मुदतवाढ आणि दंड)