कुंडीतल्या रोपाला पारंब्या फुटतात तेव्हा…

श्रावणातील झड थांबून ऊन पडले की व्हरांड्यातल्या कुंड्यांकडे लक्ष जाते आणि काही रोपांचे रूप पालटलेले दिसते. जेडच्या जाड खोडावर गुलाबी-पांढरे धागे फुटलेले असतात, मनीप्लांटच्या पेरापेरांवर तपकिरी गाठी उमटलेल्या असतात, तर मॉन्स्टेराचे दोरीसारखे मूळ शेजारच्या भिंतीकडे निघालेले असते. रोपाला कीड लागली, अशा शंकेने अनेकांचा हात कात्रीकडे जातो. ही घाई बहुधा अनाठायी असते. ती कीड नसून मुळे असतात. ती का फुटली, हे समजून घेतले तर रोप वाचवता येते. न समजता छाटली तर खरे दुखणे कुंडीत तसेच राहते.

आपल्या परिचयाचीच गोष्ट

मूळ म्हणजे जमिनीखालचा भाग, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु बियाण्यातून निघणाऱ्या मुळाव्यतिरिक्त खोड, फांदी किंवा पान यांतूनही मुळे फुटतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना आगंतुक मुळे म्हणतात. त्यांपैकी जी हवेत वाढतात, ती वायवी मुळे.

आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याला ती नवी नाहीत. ज्वारी आणि मक्याच्या ताटाला बुडाजवळच्या पेरांवर मुळांचे कडे फुटते आणि वाऱ्यात ताट उभे राहण्यास त्याचा आधार होतो. वडाच्या पारंब्या तर सर्वांच्याच ओळखीच्या. केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी पौष अमावास्येपूर्वी येणारे मेसराम कुळातील गोंड भाविक वडांच्याच छायेत मुक्काम करतात. कडुनिंबावर चढलेली गुळवेल बुडाशी तोडली, तरी वरचा वेल लगेच मरत नाही. तो सुतासारखी मुळे खाली सोडतो आणि ती मातीत रुजली की पुन्हा जोम धरतो. संस्कृतात गुळवेलीला ‘छिन्नरुहा’, म्हणजे तोडली तरी वाढणारी, असे नाव आहे ते याचमुळे.

प्रत्येक मुळाचा अर्थ वेगळा

मनीप्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन हे मूळचे जंगलातील वेल. झाडाच्या सालीला धरून उजेडाकडे चढणे हा त्यांचा स्वभाव, आणि वायवी मुळे ही त्यांची पकड. म्हणून त्यांना मुळे फुटणे हे निरोगीपणाचेच लक्षण होय. काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवून ती ओलसर ठेवली, तर मुळे तिला धरतात आणि पुढची पाने अधिक मोठी येतात.

ऑर्किडची गोष्ट निराळी. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या ऑर्किडच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे पाणी झटपट शोषून घेते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते, भिजले की हिरवट होते. अशी मुळे मातीत गाडली तर ती गुदमरून कुजतात.

जेड, एचेव्हेरिया, सेडम यांसारख्या मांसल, म्हणजे सक्युलंट, वनस्पतींच्या बाबतीत मात्र थोडे थांबून तपासावे लागते. या वनस्पती पानांत व खोडांत पाणी साठवतात. त्यांच्या खोडावर मुळे फुटण्याची कारणे साधारणतः चार : हवेतील दमटपणा, कुंडीतील मुळांना पुरेसे पाणी न मिळणे, अतिपाण्याने ती मुळे कुजणे, आणि उजेडाअभावी खोड लांबट होऊन कलणे.

ऋतूनुसार निदान

आदिलाबादचे हवामान टोकाचे आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हिवाळ्यातील पहाटे तो एक अंकी होतो आणि पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. त्यामुळे एकाच खुणेचा अर्थ महिन्यागणिक बदलतो.

आषाढ-श्रावणात जेडवर धागे दिसले आणि पाने टणक असली, तर ते दमट हवेचे काम. काहीही करू नये. वैशाखात तेच धागे दिसले, पाने सुरकुतली आणि माती खोलवर कोरडी असली, तर रोप तहानलेले आहे. सायंकाळी भरपूर पाणी द्यावे आणि माती पुन्हा पूर्ण सुकू द्यावी. मात्र माती ओली असूनही पाने मऊ पडून पिवळी होत असतील, तर कुंडीतील मुळे कुजत असण्याचा संभव मोठा. अशा वेळी अधिक पाणी देणे म्हणजे रोपाचा शेवट जवळ आणणे.

तेव्हा रोप बाहेर काढून मुळे पाहावीत. काळपट, लिबलिबीत, दुर्गंधी येणारी मुळे स्वच्छ कात्रीने काढावीत. कूज खोडात चढली असेल, तर तिच्या वरचा निरोगी भाग कापून, जखम सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवावा आणि मग वाळूमिश्रित, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत लावावा. ज्या धाग्यांना आपण व्याधी समजत होतो, तेच येथे नव्या रोपाची पहिली मुळे ठरतात. खोड लांबट झाले असेल, तर कुंडी हळूहळू अधिक उजेडात न्यावी. एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने भाजतात.

पिल्ललमर्रीचे उदाहरण

हवेतल्या या मुळांचे मोल तेलंगणाने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. महबूबनगरजवळील ‘पिल्ललमर्री’ हा वड सुमारे ७०० वर्षांचा मानला जातो. वाळवीने पोखरल्याने त्याची एक मोठी फांदी कोसळली. त्यानंतर २०१८ मध्ये पातळ केलेले कीटकनाशक सलाइनप्रमाणे थेंबथेंब झाडात सोडण्यात आले, फांद्यांना टेकू दिले गेले आणि मुळांच्या रक्षणासाठी नळ्यांचा उपयोग करण्यात आला.

वडाची पारंबी जमिनीत रुजली की खांब होते आणि फांदीचा भार पेलते. कुंडीतील जेडचा धागा एवढे ओझे वाहत नाही. तरी तो तोडण्यापूर्वी पाने चाचपावीत, मातीत बोट खुपसून ओल पाहावी आणि चालू ऋतू लक्षात घ्यावा. एवढ्याने बहुतेक वेळा कात्री जागच्या जागी ठेवता येते.