चावेझच्या आधीचं व्हेनेझुएला

१९९८ सालच्या सुरुवातीला व्हेनेझुएलाच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत इरेने साएझ आघाडीवर होत्या. १९८१च्या विश्वसुंदरी, पुढे काराकासमधल्या एका सधन भागाच्या महापौर. मग कोपेई या जुन्या पक्षाचा पाठिंबा त्यांनी स्वीकारला. डिसेंबरात त्यांना तीन टक्केही मतं पडली नाहीत. ५६ टक्के मतं घेऊन निवडून आले ते ह्युगो चावेझ, सहा वर्षांपूर्वी फसलेल्या लष्करी बंडाचे म्होरके.

चावेझनी देश दुभंगवला, की दुभंगलेल्या देशाने चावेझ निवडले? मला साएझबाईंचा निकाल बोलका वाटतो. जुन्या पक्षांची सावलीही लोकांना नकोशी झाली होती.

ती का, हे तेलाच्या हिशेबात सापडतं. १९५८च्या करारापासून दोन मोठे पक्ष सत्ता आणि तेलाचा पैसा वाटून घेत आले. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव पडले, चलन घसरलं. सुबत्तेच्या आठवणी जागवत कार्लोस आंद्रेस पेरेझ पुन्हा निवडून आले आणि शपथ घेऊन महिना व्हायच्या आत त्यांनी पेट्रोल महाग केलं. २७ फेब्रुवारी १९८९ रोजी सकाळी ग्वारेनासमध्ये कामावर निघालेल्यांना बसचं वाढलेलं भाडं कळलं. तिथे पेटलेली दंगल काराकासभर पसरली. सरकारने लष्कर उतरवलं. सरकारी आकड्यानुसारच पावणेतीनशेच्या वर माणसं मेली. चावेझ तेव्हा देशाला ठाऊकही नव्हते.

१९९२च्या बंडाच्या दिवशी माजी अध्यक्ष राफाएल काल्देरा संसदेत म्हणाले, की जी लोकशाही पोटाला घालू शकत नाही, तिच्यासाठी लोकांनी जीव द्यावा असं कसं म्हणणार? हे बोलणारा माणूस त्या व्यवस्थेच्या संस्थापकांपैकी एक होता! पुढे पुन्हा अध्यक्ष झाल्यावर त्यांनीच चावेझना तुरुंगातून सोडलं.

आडात असतं तेच पोहऱ्यात येतं, असं म्हणून इथे थांबता आलं असतं. पण २००२च्या एप्रिलमध्ये चावेझनी टीव्हीवर, पंचासारखी शिट्टी फुंकत, सरकारी तेल कंपनीच्या अधिकाऱ्यांना नावं घेऊन काढून टाकलं. त्यानंतरच्या मोठ्या संपापायी सुमारे १८ हजार कर्मचारी गेले. तेल काढण्याची विद्याही त्यांच्याबरोबर गेली. चावेझना हटवण्यासाठी सार्वमत मागणाऱ्या अर्जावर सही केलेल्यांची यादी जाहीर झाली आणि सरकारी नोकरीसाठी लोकांची नावं तीत तपासली जाऊ लागली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ केली गेली. यातलं काहीच १९८९च्या रागाने मागितलं नव्हतं. लोकांना भाकरी आणि मान हवा होता. न्यायालय ताब्यात घेणं ही चावेझची स्वतःची निवड.

२०१३ मध्ये ते वारले. त्यांच्या जागी आलेल्या निकोलास मादुरोंकडे त्यांची वाणी नव्हती, तेलाचे चढे भावही फार टिकले नाहीत. न्यायालय मात्र वारशात मिळालं. २०१५ मध्ये विरोधकांनी संसद जिंकली. २०१७च्या मार्चमध्ये त्या न्यायालयाने संसदेचे अधिकारच स्वतःकडे घेतले. गदारोळ झाला, काही दिवसांत निकाल बराचसा मागे घेतला गेला. तरी संसदेच्या हातात फारसं काही उरलं नाही.