मराठीतील मुक्कामवाचक शब्द आणि मोकळी जमीन

जी जमीन कोणा एकाच्या मालकीची नाही, तिच्यावर काही दिवस उतरावे, तीन दगडांची चूल मांडावी आणि चारा-पाणी सरताच पुढे चालू लागावे, हा राहण्याचा प्रकार अत्यंत प्राचीन होय. या राहण्याला भाडे नसते, दस्तऐवज नसतो आणि मागे खूण उरते ती बहुधा राखेची. असे राहणे ज्या शब्दांनी व्यक्त होते, त्या शब्दांचे मराठीत पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय शब्दार्थाचा असला, तरी त्याचा एक धागा आजच्या जमीनकायद्यापर्यंत पोहोचतो. तो धागा सोडून केवळ व्युत्पत्तीची चर्चा करणे अपुरे ठरेल.

१. प्रदेश

नाशिक जिल्हा हा या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. पश्चिमेस इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस सिन्नर-येवल्याच्या पर्जन्यछायेच्या पठारावर तो ५००-६०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन थांबतो. खडकाळ माळ, विरळ गवत, बोरी-बाभळींची खुरटी झुडपे आणि दूरवर दिसणारी क्षितिजरेषा, असे या पठाराचे रूप आहे. ते वाळवंट नव्हे. परंतु एका जागी बसून कळप पोसता येईल अशी भूमीही ती नव्हे. म्हणून येथील मेंढपाळाला चालावे लागते. पावसाळ्यात तो कोरड्या पठारावर राहतो, कारण अतिवृष्टी आणि चिखल मेंढीला मानवत नाहीत. दिवाळीनंतर पठारावरील चारा-पाणी आटू लागले की तो पश्चिमेकडे सरकतो आणि मृगापूर्वी परततो. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर भागातून कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे असे ऋतुचक्र संशोधकांनी नोंदविले आहे.

नाशिकच्या नैर्ऋत्येस असलेले अंबड आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. त्याच्या जवळच त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. लेण्यांतील अनेक कोरीव लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील असून त्यांत प्रस्तुत विषयाचा अतिशय जुना पुरावा सापडतो. नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या ठिकाणी चतुःशाला, आवसथ आणि प्रतिश्रय दिल्याचा, तसेच तापीसारख्या नद्यांवर विनामूल्य तरींची सोय केल्याचा उल्लेख तेथे आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या १८व्या राज्यवर्षातील लेखात त्रिरश्मीवरील भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिल्याची नोंद आहे. २४व्या वर्षातील पुढचा लेख सांगतो की, ते शेत कसले जात नाही व ते गाव वसलेले नाही. सबब नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी १०० निवर्तने त्यांना द्यावीत. चालत्या माणसाच्या निवाऱ्याची तरतूद राजकीय जमिनीतून करण्याची कल्पना या भूमीला परकी नाही, एवढे यावरून दिसते. मात्र ती तरतूद कोणासाठी झाली, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

२. शब्दांचे स्थिरावणे

आता मुख्य शब्दांकडे वळू. 'मुक्काम' हा मूळ अरबी शब्द फारसीमार्गे मराठीत आला. 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून तो बनला असून प्रवासातील थांबा हा त्याचा मराठीतील प्रधान अर्थ होय. मुक्काम पडतो, मुक्काम हलतो, एस. टी.ची 'मुक्कामाची गाडी' रात्रीपुरती गावात थांबते व पहाटे निघते. परंतु हाच शब्द पत्रावरील पत्त्याच्या आरंभी 'मु. पो.' या संक्षेपात जाऊन बसला आहे. तेथे त्याचा अर्थ नेमका उलट होतो: हा मनुष्य जेथे हमखास सापडेल ते ठिकाण. थांबण्याचा शब्द न हलण्याचा शब्द झाला.

'तांडा' हा शब्दही असाच आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून चालणारा लमाणांचा समूह, हा त्याचा अर्थ. आज शासकीय कागदपत्रांतील 'तांडा वस्ती' म्हणजे घरे, शाळा व रस्ता मागणारी स्थिर वस्ती होय. 'छावणी' सैन्याची असो वा दुष्काळात जनावरांसाठी उघडलेली असो, ती तात्पुरतीच असावयाची. तथापि छावणी हे अनेक नगरांतील कायम वस्तीचे नाव झाले आहे. इंग्रजीतून आलेला 'कॅम्प' हा शब्दही याच वाटेने गेला. देवळाली कॅम्प आणि मालेगाव कॅम्प या नाशिक जिल्ह्यातील दोन्ही नावांत आज कोणालाही तंबू दिसत नाहीत. 'शिबिर' हा संस्कृतातील सेनानिवासवाचक शब्द जागेपासून सुटून कार्यक्रमाचे नाव बनला. रक्तदान शिबिर नगरातील सभागृहात भरते, त्याला उघड्या माळाची गरज नसते. 'बिऱ्हाड' या शब्दात प्रवासी सामान, भाड्याची जागा आणि कुटुंब असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, या म्हणीत पहिला अर्थ जिवंत आहे. वाड्यात दोन बिऱ्हाडे आहेत, असे म्हणताना तो लोपलेला असतो.

सर्वांत उद्बोधक शब्द 'वाडा' हा होय. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा. त्यापासून हा शब्द सिद्ध होतो. मेंढपाळ धनगरांच्या बोलीत वाडा म्हणजे कळपासह फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ. गुंथर सोन्थायमर यांनी पशुपालकांच्या दैवतांविषयीच्या आपल्या संशोधनात हा अर्थ सविस्तर मांडला आहे. रात्री मेंढ्या ज्या जाळीत कोंडतात ती 'वाघर' किंवा 'वाघूर', म्हणजे संस्कृत 'वागुरा', पशू धरण्याचे जाळे. दिवस उगवताच जाळी गुंडाळतात, बिऱ्हाड घोड्यावर चढते आणि वाडा चालू लागतो. नागर मराठीत मात्र वाडा म्हणजे चौक, माडी आणि दिंडीदरवाजा असलेली दगडी वास्तू. वाडा चालू लागला, हे वाक्य शनिवारवाड्याच्या मराठीत हास्यास्पद ठरेल. माळावरच्या मराठीत ते रोजचे आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. फिरत्या तळाचा अर्थ अगोदरचा व वास्तूचा नंतरचा, असा सरळ क्रम लावणे शास्त्रीय ठरणार नाही. कुंपण या मूळ अर्थापासून दोन्ही अर्थ स्वतंत्रपणे फुटले असणे शक्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की, प्रमाण मराठीने या शब्दसमूहातील स्थिर अर्थ स्वीकारले आणि चल अर्थ बोलीकडे सोडून दिले. ही निवड एका शब्दापुरती असती तर तिला योगायोग म्हणता आले असते. सहा-सात शब्दांत ती एकाच दिशेने होते, तेव्हा तिच्यामागे समाजाची दृष्टी आहे असे मानावे लागते.

'ग्राम' या शब्दाचा इतिहास या संदर्भात ध्यानात घेण्यासारखा आहे. वैदिक वाङ्मयात ग्राम म्हणजे गाव असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु शतपथ ब्राह्मणात शर्यात मानव आपल्या ग्रामासह फिरत असल्याचे वर्णन येते. अशा उल्लेखांच्या आधारे विल्हेल्म राऊ यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, ग्राम हा आरंभी गाड्या व गुरे घेऊन चालणारा जनसमूह होता. दोन ग्राम समोरासमोर आले म्हणजे 'संग्राम'. हे मत ग्राह्य धरल्यास स्थैर्याचा सर्वांत भक्कम वाटणारा आपला शब्दच एके काळी चालता होता, असे म्हणावे लागते.

३. जमिनीची नावे आणि कायदा

मुक्काम ज्या भूमीवर पडतो तिची नावे वेगळी तपासली पाहिजेत. 'रान' हे 'अरण्य' शब्दाचे आद्य स्वर गळालेले रूप. 'गायरान' म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेले रान. 'माळ' म्हणजे उंचावरील उघडी जमीन. कालिदासाच्या 'मेघदूता'त उंच क्षेत्रासाठी आलेला 'माल' हा शब्द त्याचाच सगोत्र मानला जातो. 'पड' किंवा 'पडीक' हा शब्द शेतकऱ्याच्या दृष्टीतून निर्माण झाला आहे. नांगर जेथे जात नाही, ती जमीन नुसती पडून आहे, असे तो म्हणतो. मेंढपाळाला तीच जमीन कामाची वाटते. एकाच भूखंडाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींपैकी महसुली भाषेने पहिली उचलली.

कायद्याचे शब्द याहून नेमके आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही ती राज्याची असते. कलम २२ प्रमाणे गावच्या जनावरांच्या विनामूल्य चराईसाठी जमीन नेमून देता येते. यानंतर कलम २३ येते व ते चराईचा हक्क ज्या गावाला जमीन नेमून दिली त्या गावच्या जनावरांपुरताच मर्यादित करते. म्हणजे चराई विनामूल्य आहे खरी, पण गावकऱ्याला. वाटेने आलेला वाडा त्या जमिनीवर कोणत्या नात्याने उतरतो, याचे उत्तर या तरतुदींत मिळत नाही. कलम ५० अतिक्रमणाविषयी आहे. परंतु तीन रात्री थांबून निघून जाणाऱ्याला अतिक्रमक म्हणणेही शब्दाच्या अर्थाला धरून नाही. अतिक्रमण करण्यासाठीदेखील राहावे लागते.

फिरस्त्याला सामावणारा शब्द कायद्यात नव्हता, एवढ्यावर हे थांबले नाही. त्याला दोषी ठरविणारे शब्द मात्र होते. १८७१ या एकाच वर्षी ब्रिटिश सरकारने दोन अधिनियम केले. एकाने दुसऱ्याच्या शेतात शिरणाऱ्या जनावरांसाठी कोंडवाड्यांची व्यवस्था घातली. दुसऱ्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून त्यांच्या हालचालींवर नोंदणी व हजेरीचे बंधन आणले. दुसरा अधिनियम देशभर रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. 'कोंडवाडा' या शब्दात तोच वाडा आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्यापूर्वीच्या मराठी महसुली परिभाषेतही 'मिरासदार' आणि 'उपरी' असा भेद होता. वंशपरंपरागत हक्क असलेला तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. लक्ष्मण माने यांच्या १९८० मधील आत्मकथनाचे 'उपरा' हे नाव याच शब्दकुलातील असून, त्या परिभाषेत दडलेला दंश त्या नावाने साहित्यात आणला.

४. ज्यांना तळ मिळतो

मग महाराष्ट्रात मोकळ्या जमिनीवर उतरण्यास समाजाची संमती कधीच नव्हती काय? तसे मुळीच नाही. त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघणारी निवृत्तिनाथांची पालखी असो वा देहू-आळंदीहून निघणाऱ्या पालख्या असोत, वारीच्या वाटेवर 'पालखी तळ' म्हणून जागा राखलेल्या आढळतात. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात (यापूर्वीचे २००३ व २०१५ मधील) नाशिकच्या तपोवनात साधूंसाठी सार्वजनिक व्यवस्थेतून तात्पुरते नगर उभे राहते. त्याचे नाव 'साधुग्राम'. आणि ग्राम हा शब्द तेथे, कोणाच्या ध्यानी नसता, आपल्या प्राचीन चल अर्थाकडे परततो. यावरून असे दिसते की, आपला समाज उतरण्याला विरोध करीत नाही. तो उतरणाऱ्याचे प्रयोजन विचारतो. प्रयोजन धर्माचे असल्यास तळ मिळतो, पोटाचे असल्यास चौकशी होते. त्रिरश्मीवरील लेखांतही दान भिक्षूंना व प्रवाशांना होते, हे येथे आठवावे.

धनगराला पूर्वी जी संमती मिळे ती देवघेवीची होती. शेतात मेंढ्या बसविल्या की लेंडीखत मिळे, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देई. बागायत वाढली, दुबार पिके आली, द्राक्षमळ्यांभोवती तारेची कुंपणे उभी राहिली, तसतसा या देवघेवीचा अवकाश आक्रसत गेला. गावाची बाजूही येथे विचारात घेतली पाहिजे. गायराने घटल्यावर स्वतःच्या गुरांसाठीच चारा अपुरा पडणारे गाव परक्या कळपाला हरकत घेते, यात केवळ दुष्टावा पाहणे अन्यायाचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश राज्यांना दिला, तोही याच ऱ्हासाच्या जाणिवेतून. परंतु सामाईक जमीन वाचली, तरी 'सामाईक' या शब्दाच्या परिघात चालता मनुष्य येतो की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तुलनेसाठी अमेरिकेच्या पश्चिम भागातील उंच, कोरड्या पठारी प्रदेशाचे उदाहरण घेता येईल. तेथील विस्तीर्ण सरकारी जमिनी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या भूमिव्यवस्थापन विभागाकडे आहेत. त्यांतील बहुतेक भागांत कोणालाही, शुल्क न देता, सोयीविना तंबू ठोकता येतो. सर्वसाधारण मर्यादा २८ दिवसांत १४ दिवसांची. चराईसाठी मात्र १९३४ च्या टेलर अधिनियमापासून परवाना व शुल्क लागते. आणि ती जमीन अशी 'मोकळी' होण्यापूर्वी तीवर पाइयूट, शोशोनी आदी जमातींचे ऋतुमानानुसार फिरणे होते, हेही विसरता येत नाही. तो नमुना आदर्श म्हणून येथे मांडलेला नाही. त्यातील एकच गोष्ट लक्षणीय आहे: तेथे थांबण्याला दिवसांचे माप लावून कायद्याने त्याला स्वतंत्र अस्तित्व दिले आहे. राहणे आणि घुसणे यांच्यामधील तिसरी क्रिया त्या नियमाला ओळखता येते.

आपल्याकडे या दिशेने एक पाऊल पडले ते वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये. त्याच्या कलम ३ मध्ये स्थायी व फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच भटक्या व पशुपालक समाजांच्या परंपरागत हंगामी वापराचा स्पष्ट निर्देश आहे. परंतु तो वनजमिनीपुरता आहे; गायरान आणि पड त्याच्या बाहेर राहतात. म्हणजे वाडा वनाची हद्द ओलांडून माळावर आला की त्याचा कायदेशीर शब्द संपतो.

भाषाभ्यासकाने कायदा सुचवावा, अशी अपेक्षा नाही. परंतु एखाद्या क्रियेसाठी भाषेत नेमका शब्द असूनही तो परिभाषेत का येत नाही, हे दाखविणे त्याचे काम आहे. 'मुक्काम', 'तळ', 'वाडा' हे शब्द मराठीत आजही जिवंत आहेत. त्यांचे चल अर्थ बोलणारी माणसे दरवर्षी दिवाळीनंतर वाटेला लागतात. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी नाशिकच्या पूर्व तालुक्यांतील मेंढपाळांच्या बोलीतून या शब्दांचा संग्रह करावा: तळाची, जाळीची, पाण्याच्या जागांची, निघण्याच्या वेळेची नावे. कोशांनी यांतील पुष्कळ शब्द नागर अर्थांसह नोंदविले आहेत. माळावरचे अर्थ त्यांच्या शेजारी बसविण्याचे काम व्हावयाचे आहे. माळ कुंपणांनी भरून गेल्यावर हे अर्थ सांगणारा मनुष्य भेटेलच, याची खात्री देता येणार नाही.